‘इनसाइड नंबर नाइन’ या नाट्यमालिकेतील प्रतारणा आणि उत्कंठा

१

रहस्यप्रधान नाट्याचे परीक्षण करताना दोन प्रश्न हटकून विचारले जातात. रहस्य शेवटपर्यंत टिकले काय, हा एक. आणि शेवटची कलाटणी अनपेक्षित होती काय, हा दुसरा. हे प्रश्न गैरलागू नाहीत. तथापि त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे कृतीचे मूल्यमापन झाले असे मानणे धाडसाचे ठरेल. एखादी गोष्ट दडवून ठेवणे आणि ती ऐनवेळी उघड करणे यांत मोठेसे कौशल्य नसते. माहिती ज्याच्या हाती आहे असा कोणीही लेखक ती रोखून धरू शकतो. खरा विचार करावयाचा तो याचा, की सर्व काही डोळ्यांसमोर मांडलेले असूनही प्रेक्षकाला ते दिसू नये अशी योजना कोणत्या साधनांनी होते. आणि अशी योजना करणारा लेखक प्रेक्षकाशी प्रामाणिक राहतो की नाही. यांतील पहिला प्रश्न अर्थविचाराचा आहे, दुसरा नीतीचा. या दोहोंचा परस्परसंबंध दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ५ फेब्रुवारी २०१४ ते १२ जून २०२४ या काळात प्रक्षेपित झालेली ‘इनसाइड नंबर नाइन’ ही इंग्रजी मालिका निवडली आहे. स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ हे तिचे लेखक आणि प्रमुख नटही. मालिका म्हटली तरी येथे एकच कथानक पुढे चालत नाही. एकूण ५५ नाटिका आहेत. प्रत्येक सुमारे अर्ध्या तासाची, स्वतंत्र आणि स्वयंपूर्ण. पात्रे दर वेळी नवी आणि स्थळही नवे. स्थळाचा क्रमांक तेवढा नऊ असतो, मग ते कोठे घर असेल, कोठे आगगाडीतील शयनकक्ष, कोठे नाटकगृहातील नटाची खोली. सशाची एक लहानशी प्रतिमाही प्रत्येक नाटिकेच्या नेपथ्यात कोठेतरी लपवलेली असते. हा खेळकरपणा मालिकेच्या स्वभावाचा द्योतक आहे. भीती, क्रौर्य आणि थट्टा यांचे जे मिश्रण या लेखकद्वयाने ‘द लीग ऑफ जेंटलमेन’ (१९९९–२००२) आणि ‘सायकोव्हिल’ (२००९–२०११) या आधीच्या मालिकांत सिद्ध केले होते, त्याचा अधिक आटोपशीर आविष्कार येथे आढळतो. ‘सायकोव्हिल’मधील एक भाग हिचकॉकच्या ‘रोप’ (१९४८) या चित्रपटाच्या धर्तीवर एकाच खोलीत घडवला होता. प्रस्तुत मालिकेचे बीज त्यातच आहे.

पुढील विवेचनात काही नाटिकांची रहस्ये उघड करावी लागणार आहेत. रहस्याच्या रचनेचा विचार रहस्य झाकून ठेवून करता येत नाही.

२

प्रथम संज्ञांचा थोडा खुलासा करणे इष्ट होईल. मराठीत रहस्य, गूढ आणि उत्कंठा हे शब्द या प्रकारच्या वाङ्मयासंबंधी सैलपणे वापरले जातात. वस्तुतः रहस्य आणि गूढ हे वस्तूचे धर्म आहेत, उत्कंठा ही ग्रहण करणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे. वस्तूत रहस्य असूनही मनात उत्कंठा नसणे शक्य आहे. उलट, वस्तूत काहीही गूढ नसताना उत्कंठा पराकोटीला जाऊ शकते.

हा दुसरा प्रकार हिचकॉकने फार स्पष्टपणे मांडला आहे. फ्रान्स्वा त्रुफोशी १९६२ साली झालेल्या प्रदीर्घ संभाषणात त्याने टेबलाखालील बॉम्बचे उदाहरण दिले. टेबलाशी माणसे बोलत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला क्षणभर धक्का बसतो. परंतु टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असून पात्रांना ठाऊक नसेल, तर तेच सामान्य संभाषण असह्य उत्कंठेने भरून जाते. पहिल्या प्रकारात प्रेक्षकाला पात्राइतकेच कमी ठाऊक असते, दुसऱ्यात पात्राहून अधिक.

प्रस्तुत मालिकेतील उत्तम नाटिका या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. त्यांत प्रेक्षकाला उत्कंठा असते, आणि ती शेवटपर्यंत वाढत जाते. पण ती एका भलत्याच प्रश्नाची उत्कंठा असते. प्रेक्षक ज्याची वाट पाहत बसला आहे, ते घडणारच नसते. जे घडत असते, त्याविषयी प्रश्न विचारावा हे त्याला सुचतच नाही. चुकीच्या प्रश्नाची ही उत्कंठा हेच या मालिकेचे वैशिष्ट्य होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लेखक येथे उत्तर लपवीत नाहीत. ते प्रेक्षकाच्या हाती आधी एक प्रश्न देतात, आणि तो प्रश्न आपल्याच मनातून उपजला अशी त्याची समजूत होऊ देतात.

३

प्रश्नाच्या या सामर्थ्याचा उलगडा भाषाशास्त्राच्या साहाय्याने चांगला होतो. प्रत्येक प्रश्नात काही पूर्वगृहीते असतात. ‘तुम्ही लाच घेणे केव्हापासून बंद केलेत?’ या प्रश्नाला कोणतेही वर्ष उत्तर म्हणून दिले तरी उत्तर देणारा एक गोष्ट मान्य करून बसतो. ‘अजून बंद केले नाही’ असे म्हणूनही सुटका होत नाही. विधानाला नकार देता येतो, पूर्वगृहीत मात्र नकारातही शिल्लक राहते. पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९५० साली आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले, की फ्रान्सला राजाच नसेल, तर त्या राजाविषयीचे विधान खरेही नसते आणि खोटेही नसते. खरेखोटेपणाचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. म्हणजे पूर्वगृहीत ढासळले की उत्तर चुकत नाही, प्रश्नच निकालात निघतो.

‘द डेव्हिल ऑफ ख्रिसमस’ (२०१६) या नाटिकेची सारी रचना या तत्त्वावर उभी आहे. पडद्यावर १९७०च्या दशकातील एक स्वस्त भयनाट्य चालू असते. एक इंग्रज कुटुंब आल्प्समधील घरात नाताळासाठी आले आहे आणि क्रॅम्पस नावाच्या राक्षसाची दंतकथा त्यांना सांगितली जात आहे. अभिनय बेतास बात, चित्रण त्या काळच्या कॅमेऱ्यांचे, आणि चुका जागोजाग. चित्रासोबत त्या नाट्याच्या वृद्ध दिग्दर्शकाचा आवाज ऐकू येतो. डेरेक जेकबी यांनी तो दिला आहे. अमुक प्रसंगी काय अडचण आली, कोणत्या नटाने काय घोळ घातला, हे तो रसाळपणे सांगतो. जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडीवर दिग्दर्शकाचे असे निवेदन ऐकण्याची प्रेक्षकाला सवय असते. साहजिकच हे निवेदन त्याच जातीचे आहे असे तो धरून चालतो, आणि आपली उत्कंठा आतल्या कथेकडे लावतो: क्रॅम्पस खरोखर येणार काय?

अखेरीस कळते ते असे, की हे निवेदन पोलिसांच्या चौकशीतील आहे, आणि चित्रफितीच्या अखेरच्या प्रसंगात त्या नटीचा प्रत्यक्ष खून झालेला आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दिग्दर्शकाच्या तोंडी असत्य विधान घालण्याची गरजच पडलेली नाही. त्याच्या वाक्यांचा अर्थ आपण बरोबर लावला होता. चुकला तो उक्तिप्रसंग. कोण बोलतो हे आपल्याला ठाऊक होते, काय बोलतो हेही ठाऊक होते. कोणापुढे आणि कशासाठी बोलतो हे आपण विचारलेच नाही. श्रोता अदृश्य ठेवणे एवढेच लेखकांनी केले. ती रिकामी जागा आपल्या सवयीने भरली. एच. पी. ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत संभाषणाच्या मुळाशी असलेले सहकार्याचे जे तत्त्व सांगितले, त्याचाच हा विपरीत उपयोग म्हणता येईल. बोलणारा प्रसंगाला धरून बोलत आहे असा विश्वास श्रोता ठेवतो, आणि न बोललेले स्वतःच पुरे करतो. ही पूर्ती म्हणजे समजुतीचा एरवीचा व्यापार होय. येथील प्रतारणेचे साधन आपला मूर्खपणा नव्हे, तर आपली समजूतदार वृत्तीच आहे.

४

‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन’ (२०१५) ही नाटिका याच युक्तीचा अधिक गंभीर उपयोग करते. क्रिस्टीन नावाच्या तरुणीच्या आयुष्यातील काही दिवस आपण पाहतो. नववर्षाच्या रात्री ती एका तरुणाला घरी आणते, पुढे त्यांची प्रीती जमते, संसार होतो, मूल होते, दुरावा येतो, वडील निवर्ततात. प्रसंग दिनदर्शिकेच्या क्रमाने पुढे सरकतात, पण दोन प्रसंगांच्या दरम्यान महिन्यांबरोबर वर्षेही उलटलेली असतात. क्रिस्टीनला हे कळते आहे, पण उमगत नाही. मधला काळ कोठे गेला, याचा तिला पत्ता लागत नाही. मध्येच घरात एक अनोळखी मनुष्य उभा दिसतो, अंडी फुटतात, संगीत आपोआप सुरू होते.

ही सारी चिन्हे झपाटलेल्या घराच्या कथेची आहेत. ‘हा मनुष्य कोण आणि त्याला काय हवे आहे?’ असा प्रश्न आपण विचारू लागतो. त्या प्रश्नात दोन पूर्वगृहीते आहेत: एक, हे घर आणि हा प्रसंग वर्तमानात आहे, आणि दुसरे, तो मनुष्य बाहेरून आत आला आहे. अखेर दोन्ही ढासळतात. क्रिस्टीनचा मोटार अपघात झालेला आहे आणि मरणाच्या क्षणी तिचे आयुष्य तिच्यासमोरून जात आहे. तो मनुष्य अपघातस्थळी तिच्याजवळ आहे. घराच्या भुतकाळात शिरलेली वस्तू तो नव्हे. वर्तमान असे जे काही आहे ते त्याच्याच ठायी आहे, आणि घरच भूतकाळात आहे.

आपल्या साहित्यशास्त्रात लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध ही सांगितली आहे. गंगेवर गौळवाडा आहे असे ऐकताच वाच्यार्थ जुळत नाही हे कळते, आणि मन तीराकडे वळते. बाध आणि लक्ष्यार्थ यांच्यात कालाचे अंतर जवळजवळ नसते. या नाटिकेत मुख्यार्थबाधाची खूण प्रत्येक प्रसंगात आहे. परंतु भयकथेचा संकेत त्या खुणांना एक तात्पुरता अर्थ पुरवीत राहतो, आणि त्यामुळे बाध जाणवण्याचे लांबणीवर पडते. तो जाणवतो तेव्हा एकाच वेळी सर्व प्रसंगांचा जाणवतो. भयाच्या म्हणून वाचलेल्या खुणा त्या क्षणी करुणाच्या होतात. अगोदर कंटाळवाणे वाटलेले घरगुती क्षण आता अनमोल वाटू लागतात, कारण ते मावळत असलेल्या आयुष्यातील आहेत. कलाटणीने येथे कथा उलटवली नाही. तिने कथेला तिची खरी किंमत दिली. शेरिडन स्मिथ या नटीच्या संयत अभिनयाचाही या परिणामात मोठा वाटा आहे.

५

मालिकेतील विनोदाचे कार्यही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. रसविरोधाची चर्चा ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात आली आहे, आणि पुढील आलंकारिकांनी हास्य व भयानक या रसांना परस्परविरोधी गणले आहे. हसणारा मनुष्य निर्भय असतो, म्हणून हा विरोध सयुक्तिक आहे. परंतु तो सयुक्तिक आहे म्हणूनच त्याचा उपयोग करता येतो. प्रेक्षक हसला म्हणजे त्याने प्रसंगाचा प्रकार ठरवून टाकला असे समजावे. ‘हे गमतीचे आहे’ हा निर्णय झाला की गमतीत न बसणाऱ्या तपशिलाकडे त्याचे लक्ष जात नाही.

पहिलीच नाटिका ‘सार्डिन्स’ (२०१४) याचे चांगले उदाहरण आहे. वाङ्निश्चयाच्या समारंभातील पाहुणे लपाछपीचा एक प्रकार खेळत आहेत. या खेळात एकजण लपतो, आणि ज्याला तो सापडेल त्याने त्याच्याशेजारीच लपावयाचे असते. एका कपाटात एकामागून एक माणसे दाटीने उभी राहतात. अवघडलेली अंगे, कुजके टोमणे, जुनी वैरे यांनी हशा पिकतो. त्या हशाच्या आडून एका बालकावर फार पूर्वी झालेल्या अत्याचाराचे धागे संभाषणात विखुरलेले असतात. ‘आता आणखी कोण आत शिरणार?’ असे आपण उत्सुकतेने विचारीत राहतो. बाहेर कोण राहील, हा प्रश्न मनात येत नाही. कपाटाचे दार बाहेरून बंद होते तेव्हा आपल्याच हसण्याची काहीशी लाज वाटते. ‘अ क्वायट नाइट इन’ (२०१४) मध्ये तर जवळजवळ संवादच नाहीत. दोन चोर एका आलिशान घरात चित्र चोरण्यास शिरतात, आणि मूकपटाच्या काळातील प्रहसनाप्रमाणे अंगविक्षेपांनी हसवता हसवता कथा रक्तपातापर्यंत येऊन पोहोचते. शब्द काढून घेतले तरी प्रेक्षकाचे अनुमान थांबत नाही, हे त्या नाटिकेने सिद्ध केले.

६

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. प्रेक्षकाला अशा रीतीने फिरवणे न्याय्य केव्हा ठरते? याचे उत्तर मालिकेतच एके ठिकाणी सापडते. ‘द रिडल ऑफ द स्फिंक्स’ (२०१७) या नाटिकेतील केम्ब्रिजचा प्राध्यापक वृत्तपत्रासाठी गूढ शब्दकोडी रचतो, आणि अपरात्री खोलीत शिरलेल्या एका तरुणीला ती सोडवण्याची रीत शिकवतो. इंग्रज कोडेकारांच्या परंपरेत एक नियम मान्यता पावलेला आहे. सूचक वाक्याचा वरवरचा अर्थ खुशाल दिशाभूल करो; मात्र त्यातील प्रत्येक शब्द उत्तराच्या दृष्टीने यथार्थ असला पाहिजे. सोडवणाऱ्याने उत्तर मिळाल्यावर मागे वळून पाहिले असता ‘मला फसवले’ असे न म्हणता ‘माझ्या ध्यानात यावयास हवे होते’ असे म्हटले पाहिजे. उत्कंठेच्या कलेला याहून चांगली कसोटी लावता येईल असे वाटत नाही. ‘क्रिस्टीन’ आणि ‘द डेव्हिल ऑफ ख्रिसमस’ या दोन्ही नाटिका तिला उतरतात. दुसऱ्यांदा पाहताना त्यांतील ओळीओळीला नवा अर्थ येतो.

गमतीची गोष्ट अशी, की ज्या नाटिकेत ही कसोटी सांगितली आहे, ती स्वतः तिला अर्धवटच उतरते. शब्दांच्या पातळीवर ‘स्फिंक्स’ निर्दोष आहे. कोड्यातील उत्तरे कथानकाची पावले अगोदर सांगून ठेवतात, आणि शिकवणारा व शिकणारी यांच्यातील डाव दर दहा मिनिटांनी उलटतो. परंतु उत्तरार्धात विष, पितृत्वाचे रहस्य आणि मानवी मांस खाण्याची सक्ती इतकी एकावर एक रचली जातात की माणसांची केवळ सोंगटी होते. त्या तरुणीचा सूड खरा होता, कारण तिच्या भावाने आत्महत्या केली होती. पण शेवटी त्या दुःखाला कोणी विचारीत नाही. कोडे सुटते आणि माणसे उरत नाहीत. शब्दांशी प्रामाणिक राहूनही लेखक पात्रांशी अप्रामाणिक होऊ शकतो, हे या नाटिकेवरून दिसते. म्हणून वरील नियमाला पुस्ती जोडावयास हवी: उकल झाल्यावर केवळ वाक्येच नव्हेत, तर व्यथाही यथार्थ ठरली पाहिजे.

७

दीर्घकाळ चाललेल्या अशा मालिकेपुढे एक अटळ अडचण उभी राहते. शेवटी कलाटणी येणारच हे प्रेक्षक शिकतो, आणि सहकार्य सोडून पहारा करू लागतो. प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहणाऱ्या श्रोत्याला सूचितार्थाने फसवता येत नाही. या अडचणीवर लेखकांनी योजलेला एक उपाय असा, की कथेत न फसवता कथेच्या चौकटीतच फसवावयाचे.

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘डेड लाइन’ ही नाटिका थेट प्रक्षेपित झाली. स्मशानात सापडलेल्या मोबाइल फोनची कथा सुरू झाली आणि थोड्याच वेळात ध्वनी बंद पडला. निवेदकाने दिलगिरी व्यक्त केली. बिघाड सुधारत नाही असे सांगून ‘अ क्वायट नाइट इन’ ही जुनी नाटिका दाखवण्यास प्रारंभ झाला. शिअरस्मिथ यांनी त्याच सुमारास ट्विटरवर, आपण या क्षणी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर दिसत आहोत काय, अशी पृच्छा केली. हा सर्व बिघाड नाटिकेचाच भाग होता. त्यानंतर दिसू लागले ते मँचेस्टर येथील झपाटलेल्या स्टुडिओत अडकलेले नट. ज्या प्रेक्षकांनी मधल्या काळात संच बंद केले, ते नाटिकेला मुकले. ‘प्रक्षेपण पूर्ववत केव्हा होणार?’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रक्षेपण थांबले आहे हे त्याचे पूर्वगृहीत होते. पुढे २०२३ साली, जाहीर केलेल्या नाटिकेच्या ऐवजी ‘थ्री बाय थ्री’ नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लागला. तोही नाटिकाच होता.

या प्रकाराला बीबीसीतच एक पूर्वपीठिका आहे. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी दाखवलेल्या ‘घोस्टवॉच’ या कार्यक्रमात मायकेल पार्किन्सन यांच्यासारख्या विश्वासू निवेदकाच्या मुखाने भुताची कथा थेट वार्तांकनाच्या रूपात सांगितली गेली. कार्यक्रम आधीच चित्रित केलेला होता. अनेकांना ते खरे वाटले, तक्रारींचा पाऊस पडला, आणि प्रसारणाची मानके पाहणाऱ्या मंडळाने पुढे बीबीसीला दोष दिला. ‘डेड लाइन’ आणि ‘घोस्टवॉच’ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ‘घोस्टवॉच’ने सत्यकथनाचा अधिकार असलेला आवाज उसना घेतला आणि त्या आवाजाने भय खरे असल्याची ग्वाही दिली. ‘डेड लाइन’मध्येही वाहिनीच्या निवेदकाचा आवाज उसना घेतला आहे, पण त्याने दिलेली खोटी ग्वाही एका क्षुल्लक यांत्रिक बिघाडापुरतीच आहे, भय सुरू होते तेव्हा पाहणाऱ्याला आपण नाटकात आहोत हे कळलेले असते. तथापि हा भेद प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. ‘डेव्हिल’मध्ये लेखकांनी आपल्याला असत्य सांगितले नव्हते, ‘डेड लाइन’मध्ये ते सांगावे लागले. म्हणून चातुर्यात ती अग्रगण्य असली तरी कलादृष्ट्या ‘क्रिस्टीन’च्या खाली तिचे स्थान लावणे प्राप्त आहे.

या विवेचनाचे महत्त्व एका मालिकेपुरते नाही. लोकांना खोटी उत्तरे पटवून देणे कठीण असते. त्यांच्या तोंडी सोयीचा प्रश्न घालणे त्या मानाने फार सोपे. प्रचारक, उलटतपासणी करणारा वकील आणि जाहिरातदार या सर्वांना हे ठाऊक आहे. ‘अमुक संकटाला जबाबदार कोण?’ यावर रणे माजतात, आणि संकट आहे की नाही हे विचारणारा मागे पडतो. फरक एवढाच, की प्रचारक आपले पूर्वगृहीत कधी उघडे पाडीत नाही, तर ‘इनसाइड नंबर नाइन’मधील उत्तम नाटिका अर्ध्या तासाच्या अखेरीस ते आपण होऊन प्रेक्षकापुढे ठेवतात. अर्थविचाराच्या अभ्यासकांनी पूर्वगृहीताची उदाहरणे एकाकी वाक्यांत शोधण्याबरोबरच अशा सलग नाट्यकृतींतही शोधावीत. वाक्यातील पूर्वगृहीत दाखवून देता येते. ते ढासळताना काय होते, याचा अनुभव मात्र अशा कृतीच देतात.